माशीवरचं ऊन

“सर, तुम्ही शेवटची गोळी कधी मारलीत?”

प्रश्न माझा नव्हताच मुळी. तो माझ्या मैत्रिणीच्या, बुशराच्या डोक्यातून निघाला होता, केयूरने त्याला “हिंमत असेल तर विचार” असं शेपूट जोडलं होतं, आणि हिंमतीची सगळी कामं गेल्या वर्षीपासून माझ्याकडेच येतात. जिल्ह्याचं मेडल गळ्यात पडल्यापासून. त्याआधीची मी वेगळी होते. आठवीपर्यंत हजेरीला “येस मॅडम” म्हणतानाही माझा आवाज बाकाखाली पडायचा. आता वर्गात कुणालाही काही विचारायचं असलं की राजलक्ष्मीला पुढे ढकला. सहल का रद्द झाली, पीटीच्या तासाला गणित का, वॉशरूमची कडी कधी बसणार. मी विचारते. विचारताना मजाही येते, खोटं कशाला बोलू. वामन सर आमचे नेमबाजीचे कोच. नेरुळला एका शाळेच्या तळघरात आमची रेंज आहे, दहा मीटरची, सहा लेनची, भिंतींना ओल आलेली. सर पिस्तूल पुसतात, तपासतात, आमच्या हातात देतात, पण त्यांनी ते कधी हात लांब करून टार्गेटकडे धरलेलं कुणी पाहिलेलं नाही. बुशराचं म्हणणं, त्यांना येतच नसणार. त्या दिवशी ते टार्गेटची वापरलेली कार्डं गठ्ठ्याने लावत बसले होते. माझा प्रश्न ऐकून त्यांनी मानही वर केली नाही. “आठवत नाही,” म्हणाले. मग रबरबँड चढवता चढवता, त्या रबरबँडलाच सांगितल्यासारखं, “शेवटची आहे हे मारताना कुठं माहीत असतं?” मागे केयूर फिस्सकन हसला. मीही हसले, पैज जिंकल्याचा अंगठा पाठीमागे धरून दाखवला. पण ज्या माणसाला माझी मंगळवारची अठरावी गोळी डावीकडे का गेली हे शुक्रवारी आठवतं, त्याला स्वतःची एक आठवू नये? उन्हातून घरात आलं की डोळ्यांपुढे हिरवं-जांभळं काहीतरी तरंगत राहतं ना, तसं ते वाक्य दोन आठवडे माझ्यापुढे तरंगत राहिलंय.

आज रविवार. मी बेलापूरहून कोपरखैरण्याच्या बसमध्ये खिडकीपाशी बसलेय, मांडीवर पिस्तुलाची काळी पेटी आहे, आणि साठावी गोळी मला अगदी नीट आठवतेय. आठ पॉइंट. वर, बारा वाजताच्या जागी. ती शेवटची होती का हे मात्र सरांसारखंच मलाही मारताना माहीत नव्हतं. पप्पांशी बोली झालीय: आजच्या ट्रायलमध्ये पाचशे चाळीस आले तर स्टेटला जायचं, पुढचं पुढे बघू, नाही आले तर पिस्तूल सोमवारी सरांना परत, आणि दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत रेंजचं नाव काढायचं नाही. त्यानंतरचं पप्पा काही बोलले नव्हते. आमच्या घरात जे बोललं जात नाही ते बहुतेक होतही नाही. माझे आले पाचशे एकोणतीस. अकरा कमी. कंडक्टर तिकीट देताना पेटीकडे बघून म्हणाला, “काय हाय गं यात, बाजा?” मी म्हटलं, “शिलाई मशीन.” “एवढीशी?” “छोट्या कपड्यांची.” तो हसला, पुढच्या म्हातारीलाही त्याने हे सांगितलं, ती वळून माझ्याकडे बघून हसली. एरवी असल्या उत्तरावर मी स्वतःवरच पाच मिनिटं खूश राहिले असते. आज बोलून झालं आणि दमायला झालं. उजवा खांदा असा दुखतोय की तो माझा नसून कुणीतरी सांभाळायला दिलाय असं वाटावं. फोनवर बुशराचे चार मेसेज आहेत. किती? किती गं? ए बोल ना. आणि मग नुसता एक लाल फुगा. मी फोन उलटा ठेवला. वर्षभर सगळीकडे मोठ्याने बोलत फिरायचं, हात वर करायचा, सगळ्यांच्या आधी हसायचं, याचं वजन असतं हे मला आज बसमध्ये कळतंय. एक किलोचं पिस्तूल दीड तास उचलून खाली ठेवलं की मग कळतं ना, तसंच.

शिरवण्याच्या स्टॉपवर बस बराच वेळ थांबली. समोरच्या टँकरच्या पाठीवर ऊन पडलं होतं आणि तिकडे बघवत नव्हतं. ऊन कुठे पडतं आणि कुठून परत उडतं हे बघायची मला आता खोडच लागलीय. स्टीलची बादली, दुचाकीचा आरसा, कुणाच्या कपाळावरचा घाम. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक छोटा उभा लोखंडी तुकडा असतो, त्याला माशी म्हणतात. मागे एक चौकोनी खाच. खाचेच्या मधोमध माशी धरायची, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड दिसला पाहिजे, वरच्या कडा एका रेषेत. बस, एवढंच. टार्गेटकडे बघायचं नाही. पहिल्या दिवशी सरांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. टार्गेट धूसर राहू दे, काळा डाग राहू दे, डोळा फक्त माशीवर. आणि माशी काळी पाहिजे. नुसती काळी नव्हे, मेलेली काळी, उजेड गिळून टाकणारी. तिच्यावर जरा जरी ऊन चमकलं तर वरची कड विरघळते, माशी बुटकी वाटायला लागते, आणि हात आपोआप तिला उचलून रेषेत आणतो. हाताला वाटतं आपण मदत करतोय. गोळी वर जाते. म्हणून सरांकडे तपकिरीच्या जुन्या डबीत कापूर असतो. रेंजबाहेरच्या पायरीवर स्टीलच्या झाकणात एक वडी पेटवायची आणि ज्योतीच्या शेंड्यावर माशी तीन-चार सेकंद धरायची. शेंड्यातून काळा धूर सुटतो आणि मखमलीसारखा बसतो. मग त्याला बोट लावायचं नाही, कापड लावायचं नाही, फुंकरसुद्धा जपून. यासाठी बाटलीतले स्प्रे मिळतात, मोठ्या क्लबची मुलं तेच मारतात. सर म्हणतात, “स्प्रे संपला की मागवावा लागतो. कापूर कुठल्याही वाण्याकडे आहे.” मला तो वास आवडतो. आवडायचा.

पप्पांनाही काळं करण्यातलं कळतं. हौसेराव शिर्के, पावण्याला ब्लॅकोडायझिंगच्या शॉपमध्ये बावीस वर्षं. लोखंडाचे सुटे भाग तारेला लावायचे, कॉस्टिकच्या उकळत्या टाकीत सोडायचे, काळे झाले की काढायचे, धुवायचे, तेलात बुडवायचे. मग गंज धरत नाही. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही ऑफिसात काय करता, तर म्हणाले, “गोऱ्या मालाला तुझ्यासारखं करतो.” मी त्यांच्यावर गेलेय, रंगाने. त्यांच्या नखांच्या कडा साबणाने निघत नाहीत, आणि रविवारी दुपारी झोपले तरी त्यांचा खोकला जागा असतो. पिस्तूल पहिल्यांदा घरी आलं तेव्हा त्यांनी माशीकडे बघून म्हटलं होतं, “ह्याला कशाला रोज कापूर जाळता? चार मिनिटांचं काम हाय, मी करून आणतो.” सरांकडे एक जास्तीची माशी होती, ती मी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदाच्या पुडीतून आणली. काळीभोर, तेल प्यालेली, कुठे एक डाग नाही. सरांनी ती पायरीवरच्या उजेडात नेऊन फिरवली, फिरवली. “सुंदर काम आहे,” म्हणाले, “पण बघ, चमकते.” खरंच चमकत होती. तेलाचा काळा रंगही उजेड परत पाठवतो. घरी पप्पा दारातच उभे होते. “बसवली का?” मी म्हटलं, “हो. सर थँक्यू म्हणाले.” ती माशी माझ्या कंपासपेटीत खोडरबराखाली आहे. पप्पांनी शॉपमध्ये सगळ्यांना सांगितलंय की पोरीच्या पिस्तुलाची माशी मी केलीय, त्यांच्या शॉपमधला मिथुन परवा मार्केटमध्ये भेटला तर मला म्हणाला, “काय मग, काकांच्या माशीवर किती मेडल?”

आणि आई. आईचं नाव उज्वला आणि कामही तेच. नळाची तोटी, समई, कुकरचं झाकण, मी. आठवीपर्यंत दर रविवारी डाळीचं पीठ, हळद आणि साय. मी पाटावर बसलेली, ती माझी मान घासतेय, “बघ कशी उजळतेय” असं स्वतःलाच सांगतेय. मी उजळायचे नाही, लाल व्हायचे. मेडलनंतर ते बंद झालं, म्हणजे मीच एक दिवस पाटावरून उठले आणि म्हटलं, आता नाही. वाटीतलं पीठ तिने समईला लावलं. मग सोसायटीच्या गेटवर माझा फ्लेक्स लागला. ‘आमच्या सोसायटीची शान.’ फ्लेक्सवाल्याने मला इतकं गोरं केलं होतं की खालच्या वॉचमनने सेक्रेटरी काकांना विचारलं, ही पोरगी कुठल्या विंगमधली. केयूर तर आठवडाभर मला “अगं ती शान कुठे गेली, तू कोण?” म्हणत होता. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. पण आई भाजी घेऊन येताना तिथे उभी राहायची, पिशवी या हातातून त्या हातात घेत, आणि घरी येऊन म्हणायची, “छान आलाय गं फोटो.” आणि रात्री मला, ती मुलगी जशी दिसते तशी मी एका बाजूने, एखाद्या उजेडात दिसत असेन का, हे आरशात बघायचा मोह व्हायचा. झाला. दोन-तीनदा.

तुर्भ्याला बस भरली. घामाचा, कांद्याचा आणि कुणाच्या तरी मोगऱ्याचा वास. एका बाईच्या पिशवीतून दसऱ्याची शिळी झेंडूची माळ डोकावत होती आणि मला खंडेनवमीच आठवावी, दुसरं काहीच कसं आठवलं नाही. गावाकडे आमच्यात खंडेनवमीला कोयते, विळे, नांगराचा फाळ पुजतात. इथे फाळ कुठला. आई पाटावर विळी ठेवते, तिची फॉल-बिडिंगची कात्री, पप्पांचा टाकीतला माल ओढायचा आकडा, माझा कंपास. यंदा मधोमध पिस्तूल. पुजायच्या आधी हत्यार घासायचं असतं, मळकं हत्यार देवापुढे मांडत नाहीत. मी न्हाणीघराच्या दारात केस विंचरत होते आणि मला दिसत होतं: भांड्यांची पावडर ओल्या फडक्यावर घेऊन आई पिस्तुलाची नळी पुसतेय, आणि मग टोकाशी येऊन तिचं बोट थांबलं. “अगं बया, हितं बघ किती काळं साठलंय. सरांची वस्तू ना ही? अशी ठेवतात?” आणि घासायला लागली. काजळी तर पहिल्याच पुसण्यात गेली; तिने खालचं जुनं काळंही घासून काढलं. ती बोटाच्या पेराएवढी जागा तिने एवढ्या मन लावून घासली की तिचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. मी बोलायला हवं होतं. कंगवा केसांत तसाच होता. पण तिने खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, वर झेंडू ठेवला, मुठीवर हळद-कुंकू लावलं, एक बोट माशीलाही, आणि ते सगळं खिडकीतल्या उजेडात इतकं देखणं दिसलं, की मी कंगवा ठेवून फोन घेतला. फोटो काढला. स्टेटसला टाकला. एकशे चाळीस जणांनी बघितला. काजळी काय, रविवारी धरू. दसऱ्याची सुट्टी होती, रेंज बंद होती, आणि मी बोर्डाच्या गाइडमध्ये डोकं घालून मनात पाचशे पन्नास मारत होते. चुकूनही चारशे नाही, बघा. मनात मी नेहमी पाचशे पन्नास.

ट्रायलचा हॉल एरवी बॅडमिंटनचा होता. पत्र्याच्या छपरात मधूनमधून पांढऱ्या प्लास्टिकच्या शीट, त्यांतून ऊन सरळ लेनवर. ढग आला की हॉल विझायचा, गेला की पेटायचा. आधी पिस्तुलं तपासणीला द्यायची होती. टेबलापलीकडच्या माणसाने माझं उचललं, वजन केलं, आणि माशीच्या बुडाशी अडकलेलं कुंकू त्याला दिसलं. त्याने ते बोटाने काढून शेजारच्याला दाखवलं. “हे काय, पूजा घातली का?” शेजारचा म्हणाला, “मग आज देवच मारणार, आपण नुसते मोजायचे.” रांगेतले हसले. माझ्या मागे एक मुलगी होती, तिची आई तिच्यावर छोटा हातपंखा धरून उभी, तीही हसली, वाईट नाही हसली, गोडच हसली. आणि मी, जिला उत्तर सुचलं नाही असं वर्षभरात एकदाही झालेलं नाही, ती मीही हसले आणि म्हटलं, “आई ना! गावठी प्रकार.” असं म्हटलं. ऐकू आलं मला माझं. मग सर आले, त्यांना आमच्या रेंजच्या अजून तीन पोरांकडे बघायचं होतं, लांबूनच त्यांनी अंगठा आणि बोट एकत्र धरून विचारलं, काजळी धरली? सरांची कापराची डबी माझ्याच बॅगेत होती. व्हरांड्यात जायचं, वडी पेटवायची, दोन मिनिटं. पण व्हरांड्यात ते सगळे उभे होते, तो टेबलवाला चहा पीत होता, आणि कुंकवाच्या पिस्तुलापुढे मी कापूर ओवाळतेय हे चित्र मला इतकं स्वच्छ दिसलं की माझे कान गरम झाले. आता आरती पण करणार का? कुणी म्हणालं नव्हतं. मीच मनात म्हटलं, त्यांच्या आवाजात. मी सरांकडे बघून मान हलवली. हो. धरली.

पहिल्या पाच गोळ्यांतच कळलं. नऊ, आठ, नऊ, सगळ्या वर. डोळ्यासमोर माशीच्या टोकावर एक पांढरा ठिपका बसला होता, खऱ्या माशीसारखा, हाकलला तरी न जाणारा. मी मागची खाच दोन क्लिक खाली घेतली. तेवढ्यात ढग आला, उजेड विझला, आणि गोळी खाली गेली. क्लिक परत वर. ऊन परत आलं. असा दीड तास. कधीही हात वर करून लेनवरच्या अधिकाऱ्याला सांगता आलं असतं. पिस्तूल खाली ठेवून, परवानगी घेऊन, दोन मिनिटं बाहेर. वेळ माझाच गेला असता, पण गेला तर गेला. विसाव्या गोळीला मी मनात ठरवलं की तिसाव्या गोळीला हात वर करीन. तिसाव्याला म्हटलं, आता काय उपयोग. हात वर करणं ही माझी ओळख ना? वर्गात, पीटीत, मुख्याध्यापिकांपुढे. पण ते दुसऱ्यांचे प्रश्न असतात. चाळिसाव्यानंतर मला फक्त झोप येत होती. खरंच झोप. त्या ठिपक्याकडे बघत उभ्या उभ्या झोपावं, पिस्तूल हातात, आणि सगळ्यांनी हळूच निघून जावं. शेवटी सर स्क्रीनसमोर उभे राहिले, वर वर गेलेला तो गोळ्यांचा पुंजका त्यांनी बघितला, मग पिस्तूल हातात घेतलं, टोकाकडे नजर टाकली, आणि मला काहीही विचारलं नाही. “घरी जा. झोप काढ,” म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. दारापाशी ती हातपंखावाली आई दुसऱ्याच एका मुलीला पाणी देत होती. खुर्च्यांच्या दोन रांगा होत्या पालकांसाठी, कुणी डबे आणले होते. माझ्या घरून कुणी नव्हतं, कारण पप्पा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते तेव्हा मी सांगितलं होतं, “पालकांना अलाउड नाही हो पप्पा.” त्यांनी शर्ट काढून हँगरला लावला होता, घडी न मोडता.

पप्पांच्या शॉपचं पावणे मागे गेलं. टाक्यांचा तो वास बसमध्ये शिरला, सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. मी लावला नाही. हा वास म्हणजे संध्याकाळी सात वाजताचे पप्पा. कोपरखैरण्याला उतरले तेव्हा ऊन कलत होतं. फ्लेक्सची एक दोरी तुटली होती आणि ती गोरी मुलगी मधोमध दुमडून लटकली होती. मी तिच्याखालून गेले.

दार उघडंच होतं. पप्पा टीव्ही बंद करून बसले होते, म्हणजे मी येईपर्यंत चालू होता. “किती?” “पाचशे एकोणतीस.” “आन् पायजे हुते?” त्यांना माहीत होतं. “चाळीस.” त्यांनी मान हलवली, जशी टाकीतून माल नीट निघाला नाही की हलवत असतील, परत बुडवता येत नाही अशा मालाची. आई आतून मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेऊनच आली, माझ्यावरून ओवाळायला लागली. “त्या फ्लेक्सनंच लागली नजर. मी म्हटलंच हुतं सेक्रेटरीला, एवढा मोठा नको लावू.” म्हटलं नव्हतं तिने असं. मी उभी राहिले. मिरच्या गॅसवर तडतडल्या, ठसका आला, पप्पा खोकले, मी खोकले, आई म्हणाली, “बघ, किती होती!” आणि आम्ही तिघंही डोळे पुसत हसलो, दमलेली माणसं हसतात तसं, आवाज न करता.

“बोली झाल्यासारखं करू मग,” पप्पा म्हणाले. “उद्या देऊन टाक. परत द्यायची वस्तू पुसून द्यावी.” त्यांनी पेटी उघडली. मी म्हटलं राहू दे, मी पुसते, पण माझा आवाज परत आठवीतला निघाला. त्यांनी पिस्तूल वर धरलं, ट्यूबखाली, आणि तिथेच थांबले. टोक जवळ आणलं. अंगठ्याच्या नखाने माशी एकदा खरवडली, मग वास घेतला. बावीस वर्षं जो माणूस लोखंड काळं करतोय त्याला कापडानं काय निघतं आणि काय निघत नाही हे कुणी सांगायला नको. “ही मी केलेली न्हवं,” ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात टॉवेलला हात पुसत होती. “असं कसं? तुम्हीच दिली ना?” पप्पा म्हणाले, “माझा काळा पावडरीनं जात न्हाय.” आणि मग त्यांनी जीभ चावली, कारण त्यांनाही त्याच क्षणी कळलं की पावडर कुणाची. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको. त्यांनी पिस्तूल घाईने पेटीत ठेवलं. पण आई काही खुळी नाही. तिचे हात टॉवेलमध्येच राहिले. “ते काळं घाण नव्हतं?” तिने विचारलं. “राजी. मी घासलं म्हणून गेलं का गं तुझं?”

मला दोन उत्तरं येत होती आणि दोन्ही सोपी होती. नाही गं, माझाच हात हलला. मग बोली ती बोली, उद्या पिस्तूल परत, आणि आई निवांत. किंवा हो, मग पप्पा म्हणाले असते, पोरीचा दोष नव्हता, अजून एक वर्ष देऊ, आणि आई मरेपर्यंत त्या पेराएवढ्या लोखंडाकडे बघत बसली असती. दोन्हींच्या मधे एक बारीक जागा होती आणि तिकडे बघायला मला फार कंटाळा आला होता, इतका की वाटलं आधी झोपावं, उद्या बोलावं. मी जमिनीवर बसले. पेटी मधे ओढली. आणि बसल्या बसल्याच बोलले, त्यांच्याकडे न बघता.

“तू घासलंस. मी बघत होते. ते काळं लागतं, हे तुला माहीत नव्हतं, मला होतं, आणि मी गप्प बसून फोटो काढला. आज पाचव्या गोळीला मला कळलं माशी चमकतेय. बॅगेत कापूर होता. दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही, कारण तिथले लोक तुझ्या कुंकवाला हसले, आणि मी त्यांच्याबरोबर हसले. गावठी म्हटलं मी.” आईने टॉवेल खांद्यावर टाकला. “आणि पप्पा, तुमची माशी सुंदर होती. सरांनीच म्हटलं. फक्त पिस्तुलाला चालत नव्हती. ती कंपासमध्ये आहे. मला सांगवलं नाही.” पप्पा खिडकीकडे बघत होते. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, करत होतं. “सांगायचं की,” ते शेवटी म्हणाले, “मी काय लगेच टाकीत उडी मारणार हुतो?” आई म्हणाली, “गप बसा तुम्ही,” आणि माझ्यापुढे येऊन बसली, गुडघे धरत, हळूहळू. मला वाटलं रडेल. तिने पेटीतल्या माशीकडे बोट नेलं आणि न लावता मागे घेतलं. “लोक तर हसनारच,” ती म्हणाली. “आमाला काय कुनी कधी हसलं न्हाय व्हय?” माझा खांदा ठणकत होता. मला झोप येत होती, आणि झोपेच्या खाली कुठेतरी, अगदी खाली, वर्गातला तो आवाज परत यायला लागला होता; पण या वेळी कुणी ढकलत नव्हतं.

“ऐका,” मी म्हटलं. “बोली मी मोडत नाही. पिस्तूल उद्या परत. पण मी एकटी जाणार नाही, तुम्ही दोघं येणार. सरांपुढे मी जे आत्ता बोलले तेच बोलणार, तुमच्यासमोर. पप्पा, हाफ डे टाका. दहावीचा शेवटचा पेपर ज्या दिवशी होईल त्याच दिवशी आपण तिघं जाऊन पिस्तूल परत आणायचं. मी विचारत नाहीये, सांगतेय. आणि ट्रायलला पालकांना अलाउड असतं. सकाळी मी खोटं बोलले. खुर्च्या असतात, दोन रांगा. पुढच्या वेळी तुम्ही पहिल्या रांगेत बसणार आहात.”